आपले लिहिणे वाचकापर्यंत पोहोचते काय?

(पंचायत सदस्य, शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या सभागृहात बसलेले आपण सर्वजण लेखक आहोत, असे मी म्हटले तर आपणांस हसू येईल. परंतु ते खरे आहे. आपण सूचना लिहितो, पत्रे लिहितो, ठराव, इतिवृत्ते आणि अहवाल लिहितो. या लेखनाची समीक्षा कोणी करीत नाही, त्याला पारितोषिकही मिळत नाही. मात्र खेड्यातील सामान्य माणसाच्या हाती शासनाचे म्हणून जे पडते, ते बहुधा हेच लेखन असते. ते त्याला कळले की नाही, यावर कधी त्याचे अनुदान, कधी त्याची जमीन, तर कधी त्याच्या मुलाचा शाळाप्रवेश अवलंबून असतो.

विषयाला प्रारंभ करण्यापूर्वी घरातीलच एक प्रसंग सांगतो. मी नोकरीस लागून जेमतेम दोन वर्षे झाली होती. माझी एक मावशी मराठवाड्यातील एका खेड्यात एकटी राहत असे. चौथीपर्यंत शिकलेली, पोथी वाचणारी. तिने निराधार अनुदानासाठी अर्ज केला होता. दिवाळीत मी तिच्याकडे गेलो तेव्हा तिने देव्हाऱ्यातून एक घडी घातलेले पत्र काढून मोठ्या समाधानाने माझ्या हाती दिले. “अर्ज दाखल झालाय रे. आता पैसे यायचे तेवढे राहिलेत,” ती म्हणाली. पत्रात एकच वाक्य होते : “आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे.”

आपण कार्यालयात काम करणारी माणसे. या वाक्याचा अर्थ आपणांस ठाऊक आहे. अर्ज दप्तरी दाखल झाला म्हणजे प्रकरण बंद झाले. अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला नव्हता, एवढेच कारण होते. ते पत्रात लिहिलेले नव्हते. माझी मावशी ते पत्र देवापुढे ठेवून नऊ महिने वाट पाहत होती. मी तिला खरा अर्थ सांगितला. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, “मग तसं लिहायचं की.” पुढे दाखला जोडून नवा अर्ज केला आणि तो मंजूरही झाला, परंतु मधले नऊ महिने तिला कोणी परत दिले नाहीत.

सुटीहून परतल्यावर मी माझ्या टेबलावरील धारिका चाळल्या. “आपले निवेदन दप्तरी दाखल करण्यात आले आहे,” हे वाक्य माझ्याच हस्ताक्षरात मला तेथे सापडले. त्या दिवसापासून लेखनाच्या सुबोधतेचा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी राहिला नाही.

सुबोधतेचे माप

लेखन सोपे की अवघड, हे आपण सहसा अंदाजाने ठरवतो. ते मोजता येईल काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञांनी हाती घेतला. व्हिएन्ना येथे जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये एक सूत्र प्रसिद्ध केले. वाक्यात सरासरी किती शब्द आहेत आणि शब्दात सरासरी किती उच्चारखंड आहेत, या दोन गोष्टी मोजून मजकुराला साधारणपणे शून्य ते शंभर यांदरम्यान गुण द्यावयाचे. गुण अधिक, तर मजकूर सोपा.

त्याच वर्षी एडगर डेल आणि जीन चॉल यांनी निराळी वाट काढली. शालेय मुलांच्या परिचयाचे सुमारे ३,००० इंग्रजी शब्द त्यांनी यादीत घेतले आणि मजकुरातील किती शब्द या यादीबाहेरचे आहेत, हे मोजण्यास सांगितले. १९५२ मध्ये रॉबर्ट गनिंग यांनी आणखी एक माप मांडले. त्याला त्यांनी धुक्याचा निर्देशांक असे नाव दिले. त्याची रीत सोपी आहे. वाक्यातील शब्दांची सरासरी काढा. शंभर शब्दांमागे तीन वा अधिक उच्चारखंडांचे अवघड शब्द किती, ते मोजा. दोहोंची बेरीज करून तिला ०.४ ने गुणा. सरासरी वीस शब्दांचे वाक्य आणि शंभरात दहा अवघड शब्द असतील तर उत्तर बारा येते. म्हणजे बारा वर्षे शाळा शिकलेल्या माणसाला तो मजकूर झेपेल, असा अंदाज.

हा केवळ विद्वानांचा खेळ नव्हता. १९७५ मध्ये अमेरिकी नौदलासाठी फ्लेश यांच्या सूत्राची सुधारित आवृत्ती तयार करण्यात आली. यंत्रांची माहितीपुस्तके ती यंत्रे हाताळणाऱ्या माणसांना समजतात की नाही, हे तेथे पाहावयाचे होते. लिहिणाऱ्याचे पांडित्य बाजूला ठेवून वाचणाऱ्याच्या क्षमतेपासून आरंभ करावयाचा, हा या सर्व प्रयत्नांमागील विचार आहे आणि तो आपण अवश्य घ्यावा.

मराठीला ते माप जसेच्या तसे का लागत नाही?

सूत्रे मात्र जशीच्या तशी उचलता येणार नाहीत. त्यांतील आकडे इंग्रजी भाषेवर बेतलेले आहेत. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात. ‘ग्रामपंचायतीसमोरच्या’ हा आपला एक शब्द. इंग्रजीत त्याचे अनेक शब्द होतील. अक्षरे मोजली तर ती दहा भरतात. उलट ‘व्यपगत’ या शब्दात चारच अक्षरे आहेत. पहिला शब्द शेतमजुराला कळतो. दुसरा शब्द पुष्कळदा पदवीधरालाही अडवतो. तेव्हा शब्दाची लांबी हे मराठीत काठिण्याचे भरवशाचे गमक नव्हे. भारतीय भाषांना स्वतंत्र माप हवे, याची जाणीव संशोधकांनाही आहे. खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये हिंदी आणि बंगाली मजकुरांसाठी वेगळी मापे मांडली. त्यांत त्यांनी जोडाक्षरांचाही विचार केला.

यावर कोणी म्हणेल की, दोष संस्कृत शब्दांचा आहे. हे निदान अर्धे खरे आहे. राज्यकारभाराच्या परिभाषेचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. शिवछत्रपतींच्या काळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय सुरू झाले. १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. पदनामांचे आणि शासनव्यवहाराचे कोश निघाले. मराठीतून कायदा आणि कारभार चालवावयाचा तर निश्चित अर्थाच्या संज्ञा हव्यातच. त्या घडविणाऱ्यांचे ऋण आपण मान्य केले पाहिजे.

तथापि ‘दिनांक’ आणि ‘क्रमांक’ हे संस्कृत घडणीचे शब्द आज सर्वांना कळतात. ‘अर्ज’, ‘दाखला’, ‘तालुका’ हे फारसी-अरबी वळणाचे शब्द तितकेच घरचे झाले आहेत. म्हणजे शब्द कोणत्या भाषेतून आला, यापेक्षा तो वाचकाच्या रोजच्या बोलण्यात आहे की नाही, हे महत्त्वाचे. आणि एवढेही पुरत नाही. माझ्या मावशीच्या पत्रातील ते वाक्य पुन्हा आठवा. सात शब्दांचे वाक्य. ‘अर्ज’ तिला ठाऊक, ‘दप्तर’ ठाऊक, ‘दाखल’ही ठाऊक. जगातील कोणत्याही सूत्राने त्या वाक्याला उत्तम गुण दिले असते. तरीही तिने त्याचा नेमका उलटा अर्थ घेतला. कारण ओळखीचे शब्द आपण कार्यालयात एका खास अर्थाने वापरतो आणि बाहेरच्या माणसाला तो अर्थ ठाऊक नसतो. ‘अर्ज निकाली काढला’, ‘प्रकरण नस्तीबद्ध केले’, ‘पुढील आवश्यक त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित’ ही त्याच कुळातील वाक्ये होत. अर्ज निकाली निघाला हे ऐकून आपले काम झाले, असे समजणारी माणसे आपणांस भेटली असतील.

पेन्सिल घेऊन मोजावे

यावरून मोजमाप निरर्थक ठरत नाही. अंगात ताप किती आहे, हे तापमापक सांगतो; रोग कोणता, हे सांगत नाही. तरी वैद्य तो वापरतोच. आपणही पेन्सिल घेऊन तीन गोष्टी मोजाव्यात.

पहिली, वाक्याची लांबी. मराठीत तिला विशेष महत्त्व आहे, कारण आपल्या वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. काय करावयाचे ते वाक्य संपेपर्यंत कळत नाही आणि तोवर मधला सर्व मजकूर वाचकाला मनात धरून ठेवावा लागतो. नमुन्यादाखल मीच तयार केलेली ही सूचना पाहा :

“उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांना याद्वारे कळविण्यात येते की, ज्या खातेदारांनी खरीप हंगामातील पीक नुकसानीबाबतचे आवश्यक त्या कागदपत्रांसह परिपूर्ण अर्ज अद्यापपर्यंत सादर केलेले नाहीत अशा खातेदारांनी सदर सूचना प्रसिद्ध झाल्याच्या दिनांकापासून पंधरा दिवसांच्या आत आपले अर्ज विहित नमुन्यात संबंधित कार्यालयाकडे समक्ष सादर करावेत, अन्यथा विहित मुदतीनंतर प्राप्त झालेल्या अर्जांचा विचार केला जाणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.”

हे एकच वाक्य आहे आणि त्यात ५७ शब्द आहेत. ‘सादर करावेत’ ही मुख्य आज्ञा पुरी होते ती ४३व्या शब्दाला. ग्रामसभेत ही सूचना मोठ्याने वाचणाऱ्याला मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागेल आणि ऐकणारा तोवर धागा हरवून बसेल. माझा स्वतःचा दंडक असा की, जनतेसाठीच्या सूचनेत वाक्याची सरासरी दहा-बारा शब्दांच्या पुढे जाऊ द्यावयाची नाही.

दुसरी गोष्ट, कर्ता नसलेली क्रियापदे. ‘करण्यात येईल’, ‘कळविण्यात येते’, ‘घेण्यात यावी’ यांखाली रेघ मारा. कोण करणार, कोणी घ्यावी, हे त्यांत लपते. ‘तपासणी करण्याची कार्यवाही करण्यात यावी’ याऐवजी ‘ग्रामपंचायतीने विहिरीचे पाणी तपासावे’ असे लिहिले की जबाबदारी कोणाची, ते कळते.

तिसरी गोष्ट, ‘संबंधित’, ‘विहित’, ‘आवश्यक त्या’, ‘उपरोक्त’, ‘सदर’ हे शब्द. हे शब्द स्वतः काही सांगत नाहीत. कोठेतरी दुसरीकडे बोट दाखवतात. वाचकाने ते ठिकाण शोधत बसावे, अशी त्यांची अपेक्षा असते. आता तीच सूचना पुन्हा लिहू :

“खरीप पिकाचे नुकसान झाले आहे आणि अर्ज अजून दिलेला नाही, अशा शेतकऱ्यांसाठी ही सूचना आहे. अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत तालुका कृषी कार्यालयात स्वतः आणून द्या. अर्जाचा छापील नमुना तेथेच मिळेल. सोबत सातबाराचा उतारा, आधार कार्डाची प्रत आणि बँकेच्या पासबुकाची प्रत आणा. १५ ऑक्टोबरनंतर आलेल्या अर्जाचा विचार होणार नाही.”

शब्द ४७, वाक्ये पाच, सरासरी सुमारे साडेनऊ. परंतु खरा फरक आकड्यांत नाही. पहिल्या सूचनेत मुदतीची तारीख नव्हती, कार्यालयाचे नाव नव्हते, कागदपत्रांची यादी नव्हती. दुसरी सूचना लिहिताना मला या तीनही गोष्टी आधी ठरवाव्या लागल्या. सोपे लिहिणे कठीण वाटते, त्याचे एक कारण हे आहे. जे आपण ठरवलेलेच नाही, ते जड भाषेच्या आड सहज झाकून जाते. सोप्या भाषेत ते उघडे पडते.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. सरासरी कमी करण्याच्या हौसेने वाक्यांचे नुसते तुकडे करू नयेत. ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘जर-तर’ हे सांधे काढून टाकले तर वाक्ये आखूड होतात, पण कारण आणि परिणाम यांचा संबंध तुटतो. मग वाचकाला ते तुकडे स्वतः जोडत बसावे लागते.

वाचकाकडून परीक्षा

आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मजकुराची परीक्षा प्रत्यक्ष वाचकाकडून करून घेण्याची एक युक्ती विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये सुचविली. सुमारे अडीचशे शब्दांचा उतारा घ्यावा. पहिले आणि शेवटचे वाक्य पूर्ण ठेवावे. मधल्या मजकुरातील प्रत्येक पाचवा शब्द गाळून तेथे सारख्या लांबीची रिकामी जागा सोडावी. वाचकाने त्या जागा भरावयाच्या आणि मूळचाच शब्द आला तर गुण द्यावयाचा. ढोबळमानाने असे मानतात की, साठ टक्क्यांहून अधिक जागा बरोबर भरल्या तर मजकूर वाचकाला आपला आपण समजतो. चाळीस टक्क्यांहून कमी भरल्या तर तो त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. हे आकडे इंग्रजी वाचकांवरून आलेले आहेत, म्हणून मराठीत त्यांकडे केवळ दिशादर्शक म्हणून पाहावे. परंतु एकाच विषयावरील दोन मसुद्यांपैकी कोणता बरा, हे या युक्तीने निश्चित कळते. शाळेतून पालकांना जाणारे परिपत्रक आठवीच्या वर्गात असे तपासून पाहिले, तर मुलांचा भाषेचा तासही चांगला रंगेल.

याहूनही सोपी एक परीक्षा आहे. सूचना फलकावर लावण्यापूर्वी ती तीन माणसांना वाचावयास द्या. ती कार्यालयातील नसावीत. त्यांना “समजले का?” असे मात्र विचारू नका. या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर मिळते, “हो साहेब.” न समजल्याचे सांगण्यात माणसाला कमीपणा वाटतो. त्याऐवजी विचारा, “आता तुम्ही काय कराल? कधी? कोठे जाल? सोबत काय न्याल?” उत्तर चुकले तर ते वाचकाचे अज्ञान समजू नका, तो आपल्या मसुद्यातील दोष होय. माझ्या मावशीला त्या वेळी कोणी विचारले असते, “या पत्राप्रमाणे तू आता काय करशील?” तर तिने “वाट पाहीन” असे सांगितले असते आणि चूक त्याच क्षणी कळली असती.

काही आक्षेप

या विचारावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, सोपे लिहिल्याने कायद्याचा काटेकोरपणा जातो. अधिनियमाचा मजकूर आणि गावातील फलकावरची सूचना या भिन्न वस्तू आहेत, हे त्याचे उत्तर. अधिनियमात संज्ञा असू द्यावी. सूचनेतही ती अटळ असेल तर ठेवावी, परंतु तिच्या शेजारी एका वाक्यात तिचा अर्थ सांगावा. उदाहरणार्थ, ‘फेरफार नोंद, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद.’ याने कायद्याला बाध येत नाही. उलट कायद्याचीच अपेक्षा तशी आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमाने माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा आणि त्या भागातील परिणामकारक संपर्कपद्धती विचारात घेण्यास सांगितले आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवेचा अर्ज नाकारला तर त्याची कारणे, अपिलाची मुदत आणि प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचे नाव व पदनाम अर्जदारास लेखी कळवावे लागते. ती कारणे अर्जदाराला कळलीच नाहीत, तर त्या तरतुदीचा हेतू साधला असे आपण म्हणू शकू काय?

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा आहे. सोपे लिहिले तर पत्राला वजन राहत नाही, वरिष्ठ सही करणार नाहीत, असे म्हणतात. माझा अनुभव निराळा आहे. दोन्ही मसुदे शेजारी ठेवले आणि ‘यातील कोणत्या मसुद्याने कमी लोक चौकशीला येतील?’ असे विचारले, की वरिष्ठ सहसा दुसऱ्या मसुद्यावर सही करतात. शिवाय सोपे म्हणजे ओबडधोबड किंवा उद्धट नव्हे. ‘आणून द्या’ यात आदर आहेच. ‘सादर करण्यात यावेत’ यात तो अधिक आहे असे नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण ८२.३ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते सुमारे ७५.९ टक्के होते. जनगणनेत साक्षर कोणाला म्हणतात? सात वर्षे वा अधिक वयाच्या, कोणत्याही एका भाषेत समजून वाचू आणि लिहू शकणाऱ्या व्यक्तीला. ‘समजून’ या शब्दाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. शिक्षकांनी अक्षरओळख करून देऊन आपला अर्धा वाटा उचलला आहे. समजेल असे लिहिण्याचा उरलेला वाटा आपणां सर्वांचा आहे. आणि ज्यांना मुळीच वाचता येत नाही, त्यांच्यासाठी कोणीतरी शेजारी, नातू किंवा सून ते पत्र वाचून दाखवणार आहे, हेही लिहिताना ध्यानी असावे.

शेवटी एकच विनंती करतो. उद्या आपल्या कार्यालयात गेल्यावर गेल्या महिन्यात पाठवलेले एखादे नकाराचे पत्र काढा. त्यातील शब्द मोजा, वाक्ये मोजा आणि मग ते पत्र ज्याच्या घरी गेले असेल, त्याच्या जागी बसून वाचा. माझ्या मावशीला जे पत्र यावयास हवे होते, ते मी पुढे अनेकदा मनात लिहून पाहिले : “आपला अर्ज मंजूर झालेला नाही, कारण त्यासोबत उत्पन्नाचा दाखला नव्हता. दाखला जोडून आपण पुन्हा अर्ज करू शकता.” दोन वाक्ये, सोळा-सतरा शब्द. ती लिहावयास मूळच्या पत्रापेक्षा एखादे मिनिट अधिक लागले असते. ते मिनिट आपण प्रत्येक पत्रामागे द्यावे, एवढीच माझी विनंती आहे.